सिस्टर, तुम्ही चौथं मत दिलं नाहीत

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी अख्खी गल्ली तुम्हाला सिस्टरच म्हणते, म्हणून मीही तेच लिहिते. समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही चहाचं आधण ठेवायला उठता आणि परत येता ते दुसराच विषय घेऊन. म्हणून हे उघड पत्र. इथून उठून जाता येणार नाही.

लेक पुण्याहून तान्ह्या बाळाला घेऊन बार्शीला माहेरी आली, तेव्हा लंगोटांपेक्षा डॉक्टरांचे कागदच जास्त होते. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी लिहिलं होतं, प्रत्येक वेळी पाजून झालं की वर तीस मिली वरचं दूध. त्याच दवाखान्यातल्या स्तनपान समुपदेशक बाईंनी बजावलं होतं, डबा आणलात की अंगावरचं आटलंच म्हणून समजा. इथे आमचे जुने फॅमिली डॉक्टर म्हणाले, एप्रिल आहे, बार्शीचा उन्हाळा आहे, दोन-दोन चमचे उकळलेलं पाणी पाजत जा. कुणी म्हणे तीन तासांनी उठवून पाजा, कुणी म्हणे रडेल तेव्हा. कुणी एकच बाजू पूर्ण रिकामी होऊ द्यायला सांगे, तर कुणी दोन्ही बाजू दहा-दहा मिनिटं. सगळे शिकलेले, अनुभवी, आणि बाळाच्या भल्याचंच सांगणारे. तिथेच तर पंचाईत होती. एखादा अडाणी सल्ला असता तर मी शाळेतली छडी काढून परतवला असता. लेक इंजिनियर, तिने मोबाइलमध्ये तक्ता केला. तक्त्यात सगळं नीट बसलं, फक्त पुढच्या वेळी बाळाला काय द्यायचं ते त्यातून निघेना. रात्री लेक आणि तिचं बाळ दोघंही रडायची आणि जावई पुण्याहून फोनवर आणखी काहीतरी वाचून दाखवायचे.

तुम्ही आलात, हात धुतलेत आणि कागदांकडे न बघता म्हणालात, "पाज बघू." इतक्या लोकांनी सल्ला दिला, पण बाळ पितं कसं हे शेजारी बसून तोवर कुणी पाहिलंच नव्हतं. तुम्ही खुर्ची ओढून पाहत बसलात. मग करंगळी घालून बाळाचं तोंड सोडवलंत, लेकीच्या पाठीशी उशी दिलीत, बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलंत आणि बाळाने मोठा आ करेपर्यंत थांबायला लावलंत. आधी बाळ नुसतं बोंड चोखत होतं. आता भोवतालचा काळा भागही तोंडात गेला, हनुवटी छातीला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला. "आता ऐका," म्हणालात. दोनदा चोखणं, मग घोट. लेकीच्या कपाळावरची आठी गेली, कारण दुखायचं थांबलं होतं.

त्यानंतर कुठे कागद. तारखेप्रमाणे पलंगावर मांडलेत. जन्मवजन २९०० ग्रॅम, घरी सोडताना २६४०. "नऊ टक्के उतरलंय," तुम्ही तोंडी हिशेब केलात. पहिल्या काही दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरतं आणि दोन आठवड्यांच्या आसपास बाळ पुन्हा जन्मवजनाला येतं, म्हणजे आमची नात काठावर होती. बालरोगतज्ज्ञ वजनाकडे बघत होते, समुपदेशक बाई दूध टिकतंय का ते बघत होत्या. दोघांची भीती खरी, फक्त एकमेकांशी बोलणं झालेलं नव्हतं. आणि तीस मिलीच्या खाली आणखी एक ओळ होती, जी आमच्यापैकी कुणालाच लागली नव्हती. डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात तुमचं आयुष्य गेलेलं. तुम्ही वाचलीत, "वजन वाढू लागेपर्यंत. दोन दिवसांनी दाखवणे." म्हणजे तो सल्ला दोन दिवसांपुरता होता, आणि आमच्या घरात त्यावर कायमचं भांडण चाललेलं!

मी विचारलं, मग तुमचं काय मत? तुम्ही सरळ म्हणालात, "बाई, माझं मत घातलं तर चार होतील. इथल्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. त्यांना दुसऱ्या डॉक्टरांची मतं सांगू नका, बाळाचे आकडे सांगा. आणि जे लिहून देतील त्यावर विचारा, कशासाठी, किती आणि कधीपर्यंत." चोवीस तासांत शू किती वेळा, शीचा रंग काय, वजन किती, हे एका वहीत लिहायला लावलंत. वजन एकाच काट्यावर आणि उघड्या अंगाने, कुंची-दुपट्यासकट नाही. आणि दटावून सांगितलंत की बाळ सुस्त पडलं, प्यायला उठेना, शू सहा वेळांपेक्षा कमी झाली, पिवळेपणा पायापर्यंत उतरला किंवा ताप आला, तर सिस्टरचं दार वाजवत बसायचं नाही, थेट दवाखाना.

वही बघून इथल्या डॉक्टरांचाही सूर बदलला. पाजून झाल्यावर दूध काढायचं, तेच वाटी-चमच्याने द्यायचं, कमी पडेल तेवढंच डब्यातलं, तीन दिवसांनी वजन. दूध काढून द्यायचं म्हटल्यावर मला कसंसंच झालं होतं. तेव्हा तुम्ही मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या दिवसांचं सांगितलंत. १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी तिथे आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली. एका आईने दिलेलं दूध तपासून, पाश्चराइझ करून दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जातं. मग आपलं दूध आपल्याच लेकीला द्यायला कसला संकोच? माळ्यावरून माझ्या सासूबाईंचं चांदीचं बोंडलं मी हौसेने काढून आणलं, ते बघून तुम्ही म्हणालात, नळीच्या आतून घासता येत नाही, वाटीच बरी.

डबा आणताना लेक मेडिकलमध्ये मान खाली घालून उभी होती. डब्यावर आईचं दूध सर्वोत्तम असं लिहिलेलं असतं, ते तिला टोमण्यासारखं लागलं. तुम्ही तिला सांगितलंत की १९९२च्या कायद्याने कंपन्यांना तसं छापावं लागतं. दूध पावडरीच्या जाहिराती, फुकट नमुने, दवाखान्यांना भेटवस्तू, सगळ्यावर त्या कायद्याने बंदी आणली. "पोरी, तो लगाम कंपन्यांना आहे. तुला कुणी काही म्हटलेलं नाही." डबा अर्धासुद्धा संपला नाही. वजन दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅमने चढू लागलं तशी डॉक्टरांनीच तो बंद केला.

फॅमिली डॉक्टरांचं प्रकरण तुम्ही ज्या नाजूकपणे सोडवलंत, त्याचं मला जास्त कौतुक. ते आमच्या घरातलेच आहेत, त्यांना चूक म्हणायची कुणाची टाप नाही. तुम्ही एवढंच म्हणालात की आईच्या दुधात अठ्ठ्याऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा पिईल, आईने तांब्या जवळ ठेवावा. पुढे ते म्हणाले, चौथ्या महिन्यात वरणाचं पाणी सुरू करा. त्यावर तुमचं उत्तर होतं, "त्यांचं चूक नाही, जुनं आहे." जागतिक आरोग्य संघटनाच पूर्वी चार ते सहा महिने म्हणायची. २००१पासून पूर्ण सहा महिने झाले. माझ्या लेकीला मी चौथ्यातच वरण-पाणी दिलं होतं, तेही डॉक्टरांच्याच सांगण्यावरून. एका पिढीतला बरोबर सल्ला पुढच्या पिढीत जुना होतो, हे पस्तीस वर्षं पाठ्यपुस्तकं बदलताना पाहिलेल्या मला तरी समजायला हवं. बाळगुटीत मध नको, वर्षभर तर मुळीच नको, हे मात्र तुम्ही नाजूकपणे सांगितलं नाहीत. सहाण उचलून कपाटावर ठेवलीत.

फीचं विचारलं तर तुम्ही रागावलात. अळिवाचे लाडू लेकीसाठी केले होते, त्यातले चार घेऊन गेलात, तेवढंच.

आता एक नवं प्रकरण आहे. उष्टावणाचं. मुलीचं विषम महिन्यात करायचं, म्हणून सासरकडून पाचव्याचा निरोप आला होता. मी हिशेब मांडला. सहा महिने पुरे झाले की सातवा लागतो आणि सातवा विषमच. गुरुजींना पटलं, डॉक्टरांना पटलं, विहीणबाईंनाही पटलं. पण पहिला घास नाचणीच्या सत्त्वाचा की मऊ भाताचा, यावरून पुणे आणि बार्शी अशी फूट पडली आहे. रविवारी सकाळी दहाला रिक्षा पाठवते, गुडघ्याचं निमित्त चालणार नाही. वही काढून ठेवली आहे.

तुमची,
समोरच्या वाड्यातली बाई
बार्शी