स्ट्रिप पाठवत नाही, त्याऐवजी हे पत्र

कराड

चि. गौरी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू अल्प्राझोलमची, म्हणजे भीती-बेचैनी शमवणाऱ्या गोळीची, एक स्ट्रिप कुरिअरने पाठवायला सांगितलीस आणि मी ‘बघतो’ म्हणून विषय तिथेच थांबवला, कारण आपल्या औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक उभे होते आणि हे बोलणे काउंटरवरून करण्यासारखे नव्हते. ती स्ट्रिप मी पाठवणार नाही. नियमाची अडचण तर आहेच. २०१४ पासून ही गोळी एच-वन वर्गात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या आणि नोंद ठेवायच्या औषधांत आहे, त्यामुळे ती देताना डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावे लागतात आणि ते रजिस्टर ३ वर्षे जपून ठेवावे लागते. पण नियम नसता तरी माझे उत्तर हेच राहिले असते, आणि ते का, हे तुला नीट समजावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तुझ्या मैत्रिणीने दिलेल्या एका गोळीने अर्ध्या तासात बरे वाटले, हे तू सांगितलेस ते खरेच असणार. या जातीच्या गोळ्या लवकर गुण देतात आणि नेमका तोच त्यांचा धोका आहे. रोज घेत राहिल्यास काही आठवड्यांत शरीराला त्यांची सवय होते, तेवढ्या मात्रेने भागेनासे होते, आणि एकदम बंद केल्यास मूळची धडधड दुप्पट जोराने परतते, झोप उडते, क्वचित फिटही येते. ‘फक्त झोपेची एक गोळी द्या’ म्हणून जुनी, मळकी, घडीवर फाटलेली चिठ्ठी पुढे करणारी माणसे मी दुकानात नेहमी पाहतो. त्यांतले कोणी व्यसनी म्हणून जन्मलेले नसते. बहुतेकांची सुरुवात अशाच एखाद्या ओळखीच्या माणसाने दिलेल्या स्ट्रिपने झालेली असते. डॉक्टर कधी कधी थोड्या दिवसांसाठी ही गोळी देतात, तेही योग्यच असते. मात्र ती केव्हा सुरू करायची आणि कशी कमी करत आणायची हे त्यांच्या डोक्यात पक्के असते.

आता तुझ्या त्या सकाळविषयी. लोकलने विक्रोळी सोडल्यावर छातीत धडधडू लागले, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आपण आता इथेच कोसळणार असे वाटले आणि तू घाटकोपरला उतरून बाकावर बसून राहिलीस. ईसीजी नॉर्मल आला, तेव्हा हृदयाचा प्रश्न नाही असे डॉक्टर म्हणाले, आणि ‘मग मला झाले काय?’ हा तुझा प्रश्न तसाच राहिला. झाले ते असे, की भीतीच्या क्षणी शरीर ॲड्रेनॅलिन सोडते, त्याने ठोके वाढतात आणि आपण नकळत भराभर श्वास घेऊ लागतो. अशा श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि मुंग्या, चक्कर, छाती आवळल्यासारखी वाटणे, ही सगळी लक्षणे बहुतांशी त्यामुळेच येतात. लक्षणे दिसली की भीती वाढते आणि भीती वाढली की लक्षणे. भीतीचा हा झटका (पॅनिक अटॅक) साधारण १० मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि पुढे आपोआप उतरू लागतो, तू उतरलीस तरी आणि डब्यातच बसून राहिलीस तरी. अशा वेळी मोठा श्वास आत ओढू नकोस, त्याने उलट त्रास वाढतो. श्वास हळूहळू, लांबवत बाहेर सोडण्याकडे लक्ष दे. शिवाय रक्ताच्या तपासण्यांत थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घे, कारण थायरॉइड वाढल्यानेही हुबेहूब अशीच धडधड होते आणि रक्त कमी असल्यानेही. बँकेतला चहाही मोजून पी.

मला काळजी त्या झटक्याची नाही, त्यानंतर तू जे करू लागलीस त्याची आहे. आधी लोकल सोडून बस धरलीस, मग बसमध्येही दाराजवळची जागा मिळाली तरच चढू लागलीस, आणि आता शाखेतल्या सोमवारच्या बैठकीत बोलणे टाळण्यासाठी कारणे शोधतेस. टाळले की त्या घटकेला सुटल्यासारखे वाटते, पण ती सुटका उधारीवरच्या मालासारखी असते. माल लगेच हाती येतो आणि वही मात्र वाढत जाते. गोळी नको म्हणण्याचे माझे खरे कारण इथे आहे. गोळी घेऊन तू लोकलने दादरला पोहोचलीस, तर ‘मी पोहोचले’ असे मन शिकत नाही, ‘गोळीने पोहोचवले’ असे शिकते. पुढे तर ती नुसती पर्समध्ये नसली तरी पाय घराबाहेर पडेनासा होतो.

म्हणून मदत घ्यायची ती नीट माणसाकडून. मनोविकारतज्ज्ञ हा आधी डॉक्टर असतो, निदान करतो आणि लागल्यास औषध लिहितो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध लिहीत नाही, बोलण्यातून आणि सरावातून उपचार करतो, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. तो नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नकोस, कारण समुपदेशकाची पाटी हल्ली कोणीही लावतो. तू ठाण्यात राहतेस हे बरेच आहे, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था तिथेच आहे. आणि ज्याच्या नावाने आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ‘याला ठाण्याला पाठवा’ असा विनोद चालत आला, त्या १९०१ सालच्या मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे आणि तिथे चालत जाऊन, चिठ्ठी घेऊन, चालतच घरी येणारी माणसे जास्त असतात. ज्या रात्री फारच अस्वस्थ वाटेल आणि आम्हाला उठवावेसे वाटणार नाही, त्या रात्री १४४१६ या क्रमांकावर फोन कर. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही टेलिमानस सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. आम्हाला उठवलेस तरी चालेल, हे वेगळे सांगायला नको.

तुझ्या आईला वाटते की ही गोष्ट बाहेर गेली तर उद्या स्थळे बघताना अडचण येईल. तिला मी समजावले आहे, निम्मे पटले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे उपचार करणाऱ्यांना बंधनकारक केले आहे, त्यामुळे तू सांगितल्याशिवाय ती बँकेला कळण्याचे कारण नाही. त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मनाच्या आजारालाही शरीराच्या आजाराच्या बरोबरीने विमासंरक्षण द्यायला सांगितले आहे. तुझ्या बँकेच्या पॉलिसीत काय काय बसते ते एकदा वाचून ठेव.

डॉक्टरांनी एस्सिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालीनसारखे रोजचे औषध दिले तर घाबरू नकोस. या गोळ्यांची अल्प्राझोलमसारखी चटक लागत नाही, मात्र त्यांचा गुण दिसायला २ ते ६ आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा थोडी जास्तच बेचैनी होऊ शकते. नेमक्या याच टप्प्यावर पुष्कळ जण ‘हे औषध मला मानवत नाही’ म्हणून सोडून देतात. पंचविशीच्या आतल्या मुलांमुलींना सुरुवातीच्या काळात कधी कधी जीव नकोसा वाटण्याचे विचार येतात. तसे काही मनात आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना आणि मला सांगायचे, दुसऱ्या दिवसावर ढकलायचे नाही. बरे वाटू लागल्यावरही हे औषध काही महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. आपल्या मनाने बंद करायचे नाही.

औषधाबरोबर, किंवा औषधाशिवायही, विचार तपासण्याचे काम करावे लागेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. तिचा गाभा असा, की घडलेली घटना आणि आपल्याला झालेला त्रास यांच्या मधे आपला एक ठाम समज बसलेला असतो. ‘बैठकीत आवाज कापला तर वाईट दिसेल’ हा विचार सोसण्यासारखा आहे. ‘आवाज कापताच कामा नये, कापला तर मी संपले’ हा त्रास देणारा आहे. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी पंधरा-वीस मिनिटे बसून दिवसभरच्या काळज्या वहीत लिहीत जा आणि दिवसा मन भरकटले की त्याला त्या वेळेची तारीख दे. झोपायच्या तोंडावर मात्र ही वही उघडू नकोस.

लोकलकडे परतायचे ते पायऱ्यापायऱ्यांनी, आणि तुझ्या डॉक्टरांना किंवा मानसशास्त्रज्ञांना विचारूनच. माझ्या मनात असे आहे, की दुपारच्या रिकाम्या धीम्या गाडीने आधी ठाण्याहून मुलुंडपर्यंतच जावे, धडधडले तरी न उतरता बसून राहावे, आणि ते अंगवळणी पडले की नाहूर, मग भांडुप, असे करत घाटकोपर ओलांडावे. सकाळची गर्दी सर्वांत शेवटी. धीमी गाडी दर तीन-चार मिनिटांनी थांबते, ही माहिती मनाशी असू दे, पण तिचा उपयोग उतरण्यासाठी करू नकोस. आई पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येत आहे, तेव्हा पहिल्या फेरीला तिला शेजारी बसव आणि दुसऱ्या फेरीला दुसऱ्या डब्यात पाठव. ती शेजारी असली की तुझे लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठी मुलुंड येईपर्यंत बोलतच राहील, आणि इथे लक्ष वळवायचे नाही, धडधड चढून उतरताना तुझी तुला बघायची आहे. तेव्हा गप्पा परतीच्या गाडीत, असे तिला आधीच बजावून ठेव.

तुझा,
बाबा