सूचना : मेलबर्नची शर्यत रविवारी सकाळी

सर्व सभासदांना नमस्कार. फॉर्म्युला वनच्या २०२५ च्या हंगामाची पहिली शर्यत रविवारी, १६ मार्चला मेलबर्नच्या अल्बर्ट पार्कमध्ये आहे. आपल्याकडे सकाळी ९.३० वाजता, एकूण ५८ लॅप्स, म्हणजे ट्रॅकच्या चकरा. शर्यतीच्या सुरुवातीला कोण पुढे, कोण मागे उभं राहणार हे ठरवणारी पात्रता फेरी शनिवारी सकाळी १०.३० ला. तीही जरूर बघा, कारण या ट्रॅकवर ओव्हरटेक करणं सोपं नसतं आणि पुढची जागा फार मोलाची ठरते. ड्रायव्हर लुईस हॅमिल्टन फेरारी संघाच्या लाल गाडीतून पहिल्यांदाच ग्रां प्रीला, म्हणजे फॉर्म्युला वनच्या शर्यतीला उतरतोय, मला तर त्याचीच ओढ लागली आहे! पहिल्या उजव्या वळणावर सगळ्या गाड्या एकदम खेटून शिरतात, तेव्हा टीव्ही वेळेआधी लावा.

कळकळीची विनंती : काही सभासद कामामुळे रेकॉर्डिंग बघणार आहेत. रविवारी रात्री दहापर्यंत ग्रुपवर निकाल, फोटो, स्टेटस काहीही टाकू नये.