अखजी झाली की इकडे यायचं

तीर्थस्वरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात आणि आई रडते, म्हणून लिहिते आहे. बाबांनी मोठ्यानं वाचावं. आई, तू मधेच चहा ठेवायला उठू नकोस.

वावर यंदा मक्त्यानं दिलं आहे. दादाचं आणि माझं दोघांचं ठरलं, धुऱ्यालगतच्या काकांशी बोलणं झालं, त्यांनी होकार दिला. एका सालापुरतंच. सातबारा बाबांच्याच नावावर राहील, पैसे बाबांच्याच खात्यात पडतील, विहिरीजवळच्या निंबाला कोणी हात लावणार नाही, हेही बोलून घेतलं आहे. आणि अक्षय तृतीया, आपली अखजी, झाली की तुम्ही दोघांनी अमरावतीला माझ्याकडे यायचं आहे.

बाबा, राग आला असेल तर येऊ द्या, पण पुढचं वाचा. मागच्या तपासणीत किडनीचं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी ते मला एकटीला नाही, तुमच्यासमोर सांगितलं. आपल्या खारपाणपट्ट्यात किडनीचे पेशंट किती, हे तुम्हाला मी काय सांगू, आपल्याच आळीत पाहा. घरी नळाला शहानूर धरणाचं पाणी येतं, पण वावरात गेलात की तुम्ही विहिरीचं पिता. वर म्हणता, "आमची माय याच पाण्यावर नव्वद वर्षं जगली."

जगली. पण कशी जगली, ते तुम्हीच मला सांगितलं आहे. आजीचं माहेर अचलपूरकडचं, संत्र्याच्या बागांचं, गोड्या पाण्याचं. लग्न होऊन शकुंतला रेल्वेनं दर्यापूरला उतरली, तिथून बैलांच्या दमणीत. पहिल्याच दिवशी तुरीची डाळ चुलीवर चढवली ती खाऱ्या पाण्यात शिजेचना. "सासूले वाटलं पोरीले सैपाकच येत नाही, अन् मी चुलीम्होरं रडू." हे ती मला वाकळीत घेऊन सांगायची, आणि सांगताना हसायची. तेव्हा मलाही हसू यायचं. आता मुलीचा डबा भरताना आठवतं आणि सोळा-सतरा वर्षांची ती पोरगी डोळ्यांसमोर उभी राहते. पुढे तिनं पावसाळ्यात पागोळ्यांखाली भांडी मांडून रांजण भरले. गोड्या पाण्याचं टिपाड बैलगाडीतून आलं की ते आधी लेकरांना, मग पाव्हण्यांना, मग डाळीला. स्वतः खारंच प्यायली. तिचा हिशोब असाच होता, सगळ्यांचं झाल्यावर आपलं.

आत्याचा जन्म झाला तेव्हा आपलं गाव मध्य प्रदेशात होतं, काकांच्या वेळी द्वैभाषिक मुंबई राज्यात, आणि बाबांच्या वेळी महाराष्ट्रात. बाळंतपणाची खोली मात्र तीच, मागच्या दाराची. आधार कार्डावर आजीची जन्मतारीख १ जानेवारी छापून आली तेव्हा तिनं विचारलं होतं, "हे कोनं ठरोलं?" तिचं साल वेगळंच चालायचं. पौषातल्या रविवारी ऋणमोचनची यात्रा, मग अखजी, मग पोळा, मग कापूस फुटला की सीतादही. वेचणीच्या आधी वावरात दहीभात ठेवल्याशिवाय तिनं कधी पहिलं बोंड तोडू दिलं नाही. १९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. तिथं खायला मिळालेली सुकडी पदरात बांधून घरी आणायची, हे बाबा तुम्ही मला सांगितलं होतं आणि सांगताना उठून बाहेर गेला होतात.

मी तिला किती देणं लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे. बारावीला मला अमरावतीला ठेवायचं की नाही यावर घरात रात्रभर बोलणं चाललं होतं. कापसाचे पैसे आले नव्हते. आजीनं लहानपणी ऐकलेलं गाडगेबाबांचं कीर्तन काढलं: ताट मोडा, हातावर भाकर खा, पण लेकरांना शिकवा. आणि म्हणाली, "पोरीले जाऊ दे, वावरात मी जातो." सत्तरी ओलांडली होती तिची. खरंच गेली. तिला वेचताना पाहिलेलं सगळ्यांनी, पण "आता बस झालं" असं तिला आपल्यापैकी कोणीही म्हटलं नाही. तिची कंबर वाकत गेली आणि आपण गावभर सांगत राहिलो की आमची आजी अजून कशी टणक आहे.

म्हणून तुम्हाला म्हणते आहे, आता बस झालं.

आई, शेवटच्या दोन वर्षांत तू तिचं सगळं केलंस. उठवणं, न्हाऊ घालणं, कण्या मऊ करून भरवणं. तुझे गुडघे त्यातच गेले, आणि तू कोणालाही बोलून दाखवलं नाहीस. तिच्या बाजेवर अजून कोणी बसत नाही, हेही मला माहीत आहे. घर सोडून आलं तर तिला काय वाटेल, हे तुझ्या मनात असणार. ती काय म्हणाली असती सांगू? आधी चार शब्द बोलली असती, मग तुझी पिशवी तिनंच भरली असती.

इथं खालचीच खोली आहे, एकही पायरी नाही. संडास खुर्चीसारखा बसायचा करून घेतला आहे, शेजारी धरायला दांडी बसवली आहे. कूलरला नवा वाळा लावला. बाबांना गादी सोसत नाही म्हणून नवारीची बाज आणली, ती अंगणातही टाकता येते. ज्वारी भरून ठेवली आहे, पोळीची सक्ती कोणी करणार नाही. बाबांच्या जेवणात मीठ कमी असेल, त्यावर भांडायचं नाही. अंबादेवी आणि एकवीरा ऑटोनं जवळ. समोरच्या मावशी अंजनगावच्या आहेत, तुझ्यासारख्याच बोलतात आई, तुला दुपारी करमेल. गाय काकूकडे राहील, दिवा काकू लावेल. घराला कुलूप लागणार आहे, घर विकायचं नाही. पोळ्याला आपण सगळे तिथंच असू.

बाबा, मी लहान असताना पावसात वावरातून येताना काळी माती पायाला धरायची, चपला रुतून बसायच्या आणि मी तिथंच उभी राहून भोकाड पसरायची. तुम्ही खांद्यावर औत आणि कडेवर मला घेऊन यायचात. मला जड झाले म्हणून एकदाही खाली ठेवलं नाही. आता माझी पाळी आहे, एवढंच.

अखजीपर्यंत नीट ऐका. बाबांनी सकाळी दहाच्या पुढे वावरात जायचं नाही, आणि गेलात तर घरची पाण्याची कॅन सोबत. गुडघेदुखीची गोळी मेडिकलमधून मनानं आणून खायची नाही, दोघांनीही. किडनीला ती चालत नाही. आई, पाण्याची घागर तू उचलू नकोस, गड्याला सांग. आजीच्या नावाची ही पहिली अखजी, तेव्हा घागर आपल्याच घरी भरायची, ती मी कुठेही हलवणार नाही. आदल्या दिवशी मी येते. सरगुंडे तू एकटी वळत बसू नकोस, मी आल्यावर दोघी मिळून काड्यांवर करू. चिंचवणी आजीच्या पद्धतीची, गूळ जरा जास्त. तोवर आंबा खायचा नाही हे तिनं आयुष्यभर पाळलं, तेवढं यंदा मीही पाळते आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी येईल, ऊन चढायच्या आत निघायचं. बाबांच्या रिपोर्टची फाईल आणि दोघांची आधार कार्डं वरच काढून ठेवा. आजीची वाकळ घ्या, ती मला हवी आहे. लोणच्याची बरणी राहू द्या, बाबांना चालत नाही. पत्र मिळालं की दादाला फोन करा, तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला आहे.

तुमची,
बेबी