वाळवंटातले शिकारी पक्षी आणि विजेचे खांब

महोदय,

वाळवंट म्हणजे ओसाड जमीन, तिथे काहीही उभारले तरी कोणाचे काय बिघडते, हा समज आता सोडायला हवा. थरच्या वाळवंटात हिवाळ्यात मध्य आशियातून स्टेप गरुड येतात. बिकानेरजवळ जोडबीडला मेलेल्या गुरांवर गरुड-गिधाडांची गर्दी उसळते. लग्गड ससाणा तिथे सांडे, म्हणजे काटेरी शेपटीचे सरडे, पकडून जगतो. सांड्यांची बिळे जेसीबीखाली गेली की त्याचीही उपासमार ठरलेली.

मला सर्वांत घोर लागतो तो विजेच्या खांबांचा. उघड्या माळावर उंच झाड क्वचितच, म्हणून मोठा पक्षी टेहळणीसाठी खांबावरच बसतो. पंख पसरताना एकाच वेळी दोन तारांना, किंवा एक तार आणि जमिनीशी जोडलेली लोखंडी पट्टी यांना स्पर्श झाला, की तो जागीच मरतो. मंगोलियात साकेर ससाणे असेच मोठ्या संख्येने मेले आहेत, आणि ही जात जगभरातच संकटात आहे.

उपाय मुळीच अवघड नाही. खांबाजवळच्या तारांना इन्सुलेशनचे आवरण घाला, तारांमध्ये पंखांच्या विस्ताराएवढे अंतर ठेवा. सौर आणि पवन ऊर्जा हवीच आहे. पण वाळवंटातल्या प्रत्येक नव्या प्रकल्पाला परवानगी देतानाच ही अट घातली पाहिजे, आणि जुने धोकादायक खांब आधी दुरुस्त झाले पाहिजेत.

– एक पक्षीप्रेमी वाचक