साज न मोडता दुरुस्त करून दिलात, त्याबद्दल

आदरणीय सोनारकाका,
सप्रेम नमस्कार.

आजीचा कोल्हापुरी साज न मोडता आपण पुन्हा गळ्यात घालण्याजोगा करून दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. जुना साज दाखवला की ‘मोडीत घाला, नवा घ्या’ हाच सल्ला मिळतो. म्हणून आपलं काम चारचौघांत सांगावंसं वाटलं. असे साज कितीतरी घरांत कपाटात पडून आहेत.

पानड्या, म्हणजे साजातली पदकासारखी पानं, पातळ पत्र्यावर ठसा उमटवून घडवतात आणि आत लाख भरतात. जवाच्या दाण्यासारखा जवमणीही पोकळ, लाखेनं भरलेला. लाख सुकून तडकली की पत्र्याचा आधार जातो, जरा दाब पडला तरी पोचा येतो. चिरलेल्या पानडीला आपण थेट डाक, म्हणजे धातू वितळवून दिलेला सांधा, लावला नाहीत. लावला असता तर आतली लाख जळून फसफसली असती आणि पत्रा फुगला असता. आधी मंद आचेवर लाख काढलीत, चिकटून राहिलेली स्पिरिटमध्ये भिजवून सोडवलीत, आतून पोचा उठवलात, मग टाकणखार (बोरॅक्स) लावून डाक दिलात. तेजाबात (आम्लात) धुणं उरकल्यावरच नवी लाख भरलीत. लाखेसकट वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन, दोन्ही पावतीवर लिहिलंत. हे प्रत्येकानं मागून घ्यावं.

पूर्ण साजात परंपरेनं 21 पानं: दशावतारांची 10, अष्टमंगलाची 8, माणिक आणि पाचूचं एकेक, शिवाय डोरलं. उसवण्याआधी आपण पानांचा क्रम कागदावर काढून ठेवलात, म्हणून प्रत्येक पान जागच्या जागी परतलं. तार मात्र नवी घातलीत. कडीच्या तोंडाशी ती घासून बारीक झाली होती, आणि साज तुटतो तो तिथंच.

दशावतारांतल्या कासवाच्या पाठीवरची नक्षी पदराला घासून जवळजवळ पुसली गेलीय. ती पुन्हा उठवायची का, असं आपण विचारलंत आणि आम्ही बोलायच्या आत स्वतःच ‘नको’ म्हणालात. त्या एका शब्दासाठी खास आभार. ती झीज आजीच्या रोजच्या वापराची आहे.

आपण सांगितलेलं पथ्य पाळतोय: गरम पाणी नाही, कारण लाख मऊ पडते, अत्तर साजावर नाही, कारण स्पिरिटनं लाख विरघळते, वापरून झाल्यावर मऊ सुती कापडानं पुसणं.

दिवाळीनंतर वज्रटीक घेऊन येतो. मागच्या कापडी पट्टीचे टाके उसवलेत, मणी सगळे शाबूत आहेत.

आपले ऋणी,
साजाच्या घरची मंडळी