नऊ नकार

पुणे, शुक्रवार रात्र

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

काल अमेरिकेहून फोनवर तू एका दमात हिशेब सांगितलास. चार महिन्यांत औषधाच्या ट्रायलमध्ये येता का असं तेरा पेशंटना विचारलं, नऊ जण नको म्हणाले, दोघे स्क्रीन फेल, दोघेच आत. आणि मग "आजीला दे" म्हणालीस. तुझा आवाज ऐकून आजीला वाटलं, पोरीची नोकरी गेली. तिला समजावण्यात माझा अर्धा तास गेला. स्क्रीन फेल म्हणजे पेशंट नापास झाला नाही, त्याचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा आकडा, प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या ठरलेल्या नियमांत, बसलं नाही, हे एकदा तूच तिला सांगून बघ.

पीआयनी, म्हणजे तुमच्या ट्रायलच्या मुख्य डॉक्टरांनी, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तक्ता लावून "आपण मागे आहोत" म्हटलं, ते तुला लागलं. लागणारच. बीएचएमएस करून क्लिनिक चालेना, म्हणून २००६ मध्ये मी तुझ्यासारखीच ट्रायलची कोऑर्डिनेटर झाले, तेव्हापासून हा तक्ता माझ्याही मागे आहे. फ्रीझर उणे ८० वर आहे ना, गुरुवारनंतर सॅम्पल कुरिअरला दिलं नाही ना, परत आलेल्या गोळ्या मोजल्या का, नोंदी तपासणाऱ्या मॉनिटरच्या क्वेरी, म्हणजे शंका, मिटल्या का, यातलं काहीच वरच्या माणसांना दिसत नाही. दिसतो तो एकच आकडा, किती पेशंट घेतले.

एका बाबांची गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. मावळातले होते, सत्तरीच्या आसपासचे. मी कन्सेंटचा, म्हणजे संमतीचा, फॉर्म वाचून दाखवत होते. मराठीच होता, पण कसला मराठी! त्यात 'यादृच्छिकीकरण' असा शब्द होता. मी म्हटलं, बाबा, छापा-काटा करतात तसं, कोणाला कुठली गोळी ते मी ठरवत नाही आणि डॉक्टरही ठरवत नाहीत. ते त्यांना पटलं. मग प्लासिबो आलं. मी म्हटलं, दिसायला तशीच गोळी, पण आत औषध नाही. ते म्हणाले, "म्हंजे फसवी गोळी?" इतकं नेमकं भाषांतर मला आजवर कुठल्याही फॉर्ममध्ये सापडलेलं नाही.

पण पुढच्याच क्षणी त्यांनी पेन उचललं. "तुम्ही सांगताय म्हंजे चांगलंच आसंल. कुठं करू सही?"

त्या महिन्यात आम्हाला एकच पेशंट हवा होता. मी पेन परत घेतलं आणि विचारलं, आधी तुम्ही मला सांगा, यात काय होणार आहे? म्हणाले, "नवं औषध हाय, मला बरं वाटणार." अर्ध्या तासापूर्वी मी सांगितलेल्यातलं एवढंच त्यांच्यापाशी उरलं होतं. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं आणि फॉर्म घरी दिला. तीन दिवसांनी ते आले. सोबत पिशवीत चार किलो इंद्रायणी तांदूळ. नजर खाली. "मुलगा नको म्हणतोय, बाई. पण माझी नेहमीची औषधं बंद नका करू." नकार दिला म्हणून उपचार थांबतील, या भीतीने तो माणूस एसटीने एवढं अंतर आला होता! उपचारांवर काही परिणाम होणार नाही, हे वाक्य फॉर्ममध्ये होतं, मी दोनदा वाचलंही होतं. शेवटी त्यांना हाताला धरून ओपीडीत नेलं, केसपेपर काढला, औषधं हातात दिली, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. तांदूळ मी घेतले नाहीत, नियमात बसत नाही म्हणून. त्याचं मात्र त्यांना वाईट वाटलं. मलाही वाटलं, अजून वाटतं.

तुला नको म्हणालेल्या त्या एकाहत्तर वर्षांच्या कृष्णवर्णीय बाईंचं ऐकलं तेव्हा हेच आठवलं. "आमच्या लोकांवर काय काय करून झालंय ते मला माहीत आहे," असं त्या म्हणाल्या आणि तुला तो राग स्वतःवर आल्यासारखा वाटला. तो तुझ्यावर नव्हता. टस्कीगीचं तू ट्रेनिंगच्या स्लाइडवर वाचलंच असशील. १९३२ ते १९७२, अलाबामा, सरकारी आरोग्यखात्याचा अभ्यास. सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष, त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस. त्यांना सांगितलं 'रक्त खराब आहे' आणि उपचाराविना रोग कसा वाढतो ते बघत बसले, पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरसुद्धा. माणसांवरच्या संशोधनाची नीतितत्त्वं सांगणारा पुढचा १९७९ चा बेलमाँट अहवाल, आज तुमच्या आयआरबीला, म्हणजे नीतिमत्ता समितीला, लागणारे कागद, या सगळ्यामागे ते प्रकरण आहे.

स्लाइडवर बहुधा नसतं ते सांगते. त्या अभ्यासात डॉक्टर येत-जात राहिले. टिकून राहिली एक नर्स, युनिस रिव्हर्स. तीही कृष्णवर्णीय, त्याच मुलखात काम करणारी. ती त्या माणसांना आपल्या गाडीतून तपासणीला आणायची, घरी सोडायची, त्यांच्या बायकामुलांची चौकशी करायची. त्यांचा विश्वास होता तो तिच्यावर. म्हणजे आजच्या भाषेत ती त्या अभ्यासाची कोऑर्डिनेटर. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला मावळातले बाबा आठवत राहिले. 'तुम्ही सांगताय म्हंजे' हे वाक्य तिनेही किती वेळा ऐकलं असेल! आपण गोड बोलतो, पेशंटला पाणी देतो, रिक्षा बघून देतो. त्याच गोडव्यावर सही मिळते, हे विसरता येत नाही. तुझ्या त्या बाई तुझ्या गोड बोलण्यावर गेल्या नाहीत. मला त्या आवडल्या.

आता आणखी एक, हे तुझ्या बाबांनाही माहीत नाही. तू चौथीत होतीस, तुझं गॅदरिंग होतं. औषध घेतल्यावर दोन तासांनी घ्यायचं रक्त चार वाजता निघायला हवं होतं. शीर सापडेना, चार वीस झाले. मी लिहिलं चार. तू स्टेजवर कोळीण झाली होतीस आणि मी टाळ्या वाजवताना वीस मिनिटांचा हिशेब करत होते. औषध रक्तात कसं चढतं-उतरतं याचा आलेख काढायचा तर प्रत्येक ठिपका खऱ्या वेळेवर हवा, हे मी दुसऱ्यांना शिकवत होते. सकाळी जाऊन जुन्या आकड्यावर एक सरळ रेघ मारली, तो वाचता येईल अशी, शेजारी खरी वेळ, कारण, सही, त्या दिवसाची तारीख. मग पीआयना सांगितलं. डेव्हिएशन, म्हणजे प्रोटोकॉल चुकल्याचं, नोंदलं गेलं, दोन कडक वाक्यं ऐकली, संपलं. वीस मिनिटं उशीर हा गुन्हा नव्हताच. चार लिहिणं हा होता.

तुझ्या नऊ नकारांचंही तसंच. ते स्क्रीनिंग लॉगमध्ये, म्हणजे कोणाला विचारलं आणि काय झालं त्या नोंदवहीत, नीट लिही. कारण सांगायला पेशंट बांधलेला नाही, तेव्हा खोदून विचारू नकोस, पण आपणहून सांगितलं असेल तर टिपून ठेव. काल बोलता बोलता तू म्हणालीस की पाच जणांनी येण्याजाण्याचं कारण दिलं: बारा व्हिजिट, पार्किंगचे पैसे, कामावरची रजा. अगं, मग हे पीआयसमोर ठेव ना! प्रवासखर्च मिळेल का, काही व्हिजिट फोनवर होतील का, हे ट्रायलचा खर्च करणाऱ्या स्पॉन्सरला विचारता येतं. बदलाला आयआरबीची मंजुरी लागेल, वेळ जाईल. पण पुढच्या मीटिंगला त्यांच्या तक्त्याशेजारी तुझाही एक तक्ता असेल.

आणि त्या बाई ओपीडीला पुन्हा येतील तेव्हा लपू नकोस. नाव घेऊन हाक मार, पायाची सूज विचार, ट्रायलचं अक्षर काढू नकोस.

जेवण वेळेवर घे. सेंट्रिफ्यूजशेजारी उभं राहून खाल्लेलं जेवण नव्हे.

तुझी,
आई

ता. क. तिथे तुम्ही महिना आधी लिहिता, आपण दिवस. म्हणून सोर्समध्ये, म्हणजे मूळ नोंदींत, महिना नेहमी अक्षरांत लिहावा, हे मी तुला शंभरदा सांगितलंय. तुझ्या तिकिटाबद्दल तू '०४/०३' असं कळवलंस. बाबांनी ४ मार्चला विमानतळावर यायला गाडी सांगून ठेवली आहे, मी म्हणते ३ एप्रिल. काय ते लवकर कळव, गाडीवाला ॲडव्हान्स मागतोय.