भर दुपारची कुऱ्हाड

ती. बाबांना आणि सौ. आईला शि. सा. नमस्कार.

पायाचे टाके या आठवड्यात निघतील असं आई फोनवर म्हणाली. बाबा, कुऱ्हाड पायावर बसली ती दांडा सैल होता म्हणून, असं तुमचं म्हणणं. असेलही. पण पावसाळ्याची लाकडं फोडायला तुम्ही उभे राहिलात दुपारी एकला. आदल्या दिवशी वळीव पडून हवा कोंदलेली, आणि सकाळच्या चहानंतर पोटात पाण्याचा घोट नाही. हे आईनंच सांगितलं, तिच्यावर रागावू नका.

"आमच्या खानापुरात कुठलं ऊन? ऊन बघायचं तर अथणी-रायबागला जा," हे तुमचं ठरलेलं उत्तर. ऊन लागलं म्हणजे माणूस भोवळ येऊन पडणार, एवढंच आपण धरून चालतो. कारखान्यात सेफ्टीचं काम करताना मी बघते ते असं, की माणूस धडधाकट उभा असतो आणि हात चुकतो. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडं धावतं, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, लक्ष उडतं, हात उशिरा हलतो. दांडा ओला होऊन निसटतो. त्यात उकाड्यानं रात्रीची झोप नाही. मग कुणाला विळा लागतो, कुणाचं बोट कडबाकुट्टीच्या यंत्रात जातं, कुणी फणसावरून घसरतं. दवाखान्याच्या कागदावर जखमेची नोंद होते, उन्हाची कोण करणार?

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, म्हणजे चेरी-सफरचंदांच्या मुलखात, २००० ते २०१२ या काळातल्या शेतमजुरांच्या बारा हजारांवर दुखापतींचा अभ्यास झाला. तापमान आणि दमटपणा मिळून तिथं उकाड्याचा एक आकडा काढतात. तो २५ च्या आत असलेल्या दिवसांपेक्षा ३० ते ३३ असलेल्या दिवशी दुखापतीची शक्यता सुमारे १५ टक्के जास्त निघाली, आणि २५ ते २९ मध्येही जवळपास तेवढीच. चाळिशी गाठायची गरजच पडली नाही! मे महिन्यात आपल्याकडं तो आकडा न्याहारीच्या वेळीच मागं पडतो. तिथली माणसं थंडीला सरावलेली आणि आपण उन्हाला, हे मान्य. पण सरावलेल्या माणसालाही घाम येतोच, आणि तुमच्या वयात तहानही उशिरा कळते. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, ते डॉक्टरांना विचारा. आपल्या मनानं गोळी मात्र बंद करू नका.

आई, तुझं वेगळंच. शेतात लघवीला जायला आडोसा नाही म्हणून तू आणि कामाला येणाऱ्या बायका दिवसभर पाणीच पीत नाही. नुसती घागर भरून ठेवून काय होणार? बाबा, बांधाच्या कडेला ताडपत्रीचा आडोसा तुम्ही करून द्यायचा.

आता कोरड्या मातीतल्या धूळवाफेच्या पेरणीआधी ढेकळं फोडायची असतील. ते काम उक्तं, म्हणजे ठोक रकमेवर, देऊ नका. उक्त्यात माणूस सावलीला बसत नाही, बसला की त्याचे पैसे बुडतात. रोजावर लावा, सहाला सुरू करा, अकराला थांबवा. कोयता-कुऱ्हाड, झाडावर चढणं, कुट्टी, सगळं त्या वेळात. दुपारी बी निवडणं, दोऱ्या वळणं आहेच की. गावातले चार शेतकरी नाकं मुरडतील. मुरडू देत. विजयपूर-बागलकोटात उन्हाळ्यात सरकारी कचेऱ्या सकाळी आठ ते दुपारी दीड चालतात. पंख्याखाली बसणाऱ्यांना ही सवलत, मग कुदळ मारणाऱ्याला का नको? कॅलिफोर्नियात तर २००५ पासून शेतमजुरांना पाणी आणि सावली देणं मालकावर कायद्यानंच बंधनकारक आहे.

उरलेली लाकडं तशीच राहू देत, पेरणीला मी येते तेव्हा सकाळी गडी लावून फोडून घेऊ. टाके निघाले की जखमेचा फोटो पाठवा. आई, तूच पाठव, बाबा पाठवायचे नाहीत.

तुमची लेक